बारा व्होल्टांचे वैभव

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला आणि त्याच वर्षी टाटांची सफारी भारतीय रस्त्यांवर उतरली. या दोन घटनांत कार्यकारणभाव असल्याचा कोणताही पुरावा नाही, तथापि पुढच्या पाव शतकात जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाने आणि एसयूव्ही नावाच्या धिप्पाड वाहनाने एकमेकांना ज्या आपुलकीने धरून ठेवले ती पाहता, इतिहासकाराने हा योगायोग अगदीच नजरेआड करावा असा नाही. शहादा, तळोदा, नवापूर या भागांत या वाहनाला ‘मोठी गाडी’ म्हणतात. जिच्यात चढताना मालकाला पाय उचलावा लागतो आणि मालक चढत असताना इतरांना मान उचलावी लागते ती मोठी गाडी, ही व्याख्या प्रस्तुत विवेचनापुरती पुरेशी मानावी.

मोठ्या गाडीच्या मालकांच्या तक्रारी ऐकत गेल्यास लवकरच ध्यानात येते की इंजिन, गिअर, चाके यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. चांदशैली घाटातली वळणे, देवगोईचा चढ आणि तोरणमाळचा सातपायरी घाट ही गाडी निमूटपणे पार करते, आणि नेमकी लग्नाच्या मांडवापुढे, वऱ्हाड उतरून आणि फोटो काढून झाल्यावर, सेल्फ घेत नाही. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी विजेची मोटर; अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी ती विकसित केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत ती बसली, त्यामुळे हाताने हँडल मारण्याचे कष्ट आणि त्या कष्टांत मनगट मोडून घेण्याची शक्यता या दोन्हींतून मोटारमालक सुटले. मांडवापुढच्या मालकाला मात्र केटरिंगचे ऋण त्या क्षणी आठवत नाही, कारण भोवती जमलेल्यांपैकी प्रत्येकजण “काय व्हयनं आप्पा?” असे विचारत असतो आणि प्रत्येकाला “बॅटरी उतरी गई” हे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे लागते.

हे दुःख नवे आहे, म्हणजे सातपुड्यातल्या प्रवासाइतके जुने नाही. धडगाव आणि मोलगीच्या रस्त्यांवर ज्या जुन्या डिझेल जिपांनी माणसे, बकऱ्या, आमचूरची पोती आणि टपावरचे उरलेले प्रवासी वाहिले, त्यांना विजेशी जवळजवळ देणेघेणेच नव्हते. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते, आणि जुन्या जिपांत हे फवारण्याचे काम करणारा पंप निव्वळ यांत्रिक होता. एकदा चालू झालेली जीप, बॅटरी काढून घेतली तरी, टाकीतले डिझेल संपेपर्यंत चालत राही. दिवे, हॉर्न आणि सेल्फ एवढाच विजेचा संसार. त्यांपैकी सेल्फ गेला तर गाडी उतारावर उभी करावी, हॉर्न गेला तर क्लीनरने ओरडावे आणि दिवे गेले तर चांदण्याची वाट पाहावी, अशी पर्यायी व्यवस्था पूर्वीच ठरून गेलेली होती. गाडी उभी करण्यासाठी सपाट जागा शोधणाऱ्या चालकाकडे त्या काळी संशयाने पाहिले जाई.

मोठ्या गाडीत ही व्यवस्था संपुष्टात आली. ‘कॉमन रेल’ या, १९९७ पासून मोटारींत रुळलेल्या पद्धतीत सर्व सिलिंडरांसाठी अतिउच्च दाबाचे डिझेल एकाच नळीत साठवले जाते आणि ते कधी व किती फवारायचे हे ‘ईसीयू’, म्हणजे इंजिनावर देखरेख करणारा छोटा संगणक, विजेच्या इशाऱ्याने ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषणनियमांनी धूर मोजणारे, धुराच्या गाळणीवर नजर ठेवणारे आणि गाळलेला धूर पुन्हा तपासणारे सेन्सर आणखी वाढवले. त्याआधी, १ जुलै २०१९ पासून, मागे घेताना टुकटुकणारा सेन्सर, ताशी ८० किलोमीटरपुढे अधूनमधून आणि १२० पुढे अखंड वाजणारी वेगसूचना आणि पुढच्या आसनांवरील पट्ट्याची आठवण देणारा गजर नव्या गाड्यांना सक्तीचा झाला होता. यांपैकी पट्ट्याच्या गजराचा बंदोबस्त मालकांनी तत्परतेने केला. खाचेत खुपसायची नुसती क्लिप बाजारात आली, ती लावली की पट्टा बांधला आहे असे गाडीला वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना तिची विक्री थांबवण्याचा आदेश देईपर्यंत लाखांत किंमत असलेल्या गाडीचे सुरक्षाशास्त्र चिल्लर भावात फसवले जात होते.

एवढ्या सगळ्या सेन्सरांना आणि संगणकांना एकमेकांशी बोलावे लागते. प्रत्येकाने प्रत्येकाशी वेगळ्या तारेने बोलायचे ठरवले असते तर गाडीत माणसांना जागा उरली नसती. म्हणून बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ नावाची पद्धत जाहीर केली, जिच्यात पीळ घातलेल्या दोनच तारांवर सर्वांनी आळीपाळीने बोलायचे असते. या संभाषणाला स्थिर दाबाची वीज लागते. दाब व्होल्टमध्ये मोजतात. पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे पट्ट्यावर फिरून वीज बनवणारे यंत्र ज्याला अनेक जण अजूनही डायनामोच म्हणतात, तो दाब चौदाच्या आसपास नेतो, आणि सेल्फ मारताना तो क्षणभर दहापर्यंत घसरतो. बॅटरी म्हातारी असेल तर घसरण त्याच्याही खाली जाते. त्या क्षणी एखादा संगणक झोपतो, उरलेले त्याला हाका मारतात, उत्तर न आल्याने प्रत्येकजण आपल्या वहीत ‘संपर्क तुटला’ अशी नोंद करतो, आणि मालकाच्या समोर ब्रेक, एअरबॅग, स्टेअरिंग आणि इंजिन या सर्वांचे दिवे एकदम लागतात. गाडीत चार रोग एकाच वेळी उद्भवले असा समज करून घेऊन मालक देवाचे नाव घेतो. वास्तविक रोग एकच असतो आणि तो बहुधा बॉनेटखाली, फार तर आसनाखाली, चौकोनी डब्यात बसलेला असतो. नंदुरबारचा उन्हाळा चाळीस अंशांच्या बराच वर जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. पण तिचा अंत मात्र पहिल्या थंडीच्या पहाटे जाहीर होतो, त्यामुळे दोष नेहमी थंडीवर जातो.

येथवर जे सांगितले त्याला कारखाना जबाबदार धरता येईल. यापुढचे कर्तृत्व जिल्ह्याचे आहे. नवी गाडी घरी आली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबे चिरडली, की ती पूजेनंतर प्रथम देवळात जाते आणि त्यानंतर लगेच ॲक्सेसरीच्या दुकानात, आणि दुसऱ्या ठिकाणी ती अधिक वेळ थांबते. तेथे कारखान्याचा हॉर्न सौम्य ठरतो, कारखान्याचे दिवे मिणमिणते ठरतात आणि कारखान्याची वायरिंग, जिची एकूण लांबी मोठ्या गाडीत किलोमीटरमध्ये मोजावी लागते, अपुरी ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम बहुस्वरी हॉर्नला मनाई करतो. हे वाक्य दुकानाच्या भिंतीवर लावल्याचे सहसा दिसत नाही.

दिव्यांचे गणित येथे तपशिलाने पाहणे भाग आहे, कारण बहुतेक जळक्या वासांचा उगम त्यात आहे. हॅलोजन बल्ब कारखान्यातून वरच्या प्रकाशासाठी प्रत्येकी ६० वॉटचे येतात; दोन मिळून १२० वॉट, म्हणजे बारा व्होल्टांवर १० अँपिअर प्रवाह, आणि तारेची जाडी व फ्यूज हे त्याच हिशोबाने ठेवलेले असतात. (फ्यूज म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला तर स्वतः वितळून तार वाचवणारा, मोटारीतला एकमेव निःस्वार्थ भाग.) दुकानात प्रत्येकी १०० वॉटचे बल्ब बसतात, प्रवाह जवळपास १७ अँपिअरवर जातो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पावणेतीन पटींच्या घरात पोहोचते. फ्यूज आपले कर्तव्य बजावून वितळतो. तेव्हा दुकानदार त्याहून मोठा फ्यूज लावतो, तो वितळला तर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद लावतो, आणि यानंतर कर्तव्य बजावण्याची पाळी तारेवर येते. समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा चालक एव्हाना आंधळा झालेला असतो, पण तो या प्रबंधाचा विषय नाही.

काही गाड्यांच्या टपावर आणखी एका तारेचे टोक काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेले असते. १ मे २०१७ पासून वाहनांवरचा लाल दिवा बंद झाला, मंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी तो उतरवला, त्यांच्या अनुकरणाने ज्यांनी तो अधिकार नसताना लावला होता त्यांनीही उतरवला. तार मात्र पुन्हा कधी दिवस पालटतील या आशेवर तशीच राहिली. पावसाळ्यात तिच्यातून पाणी झिरपते आणि छतावरचा आतला दिवा आपोआप लागतो. राज्यातील विधानसभा मतदारसंघांची क्रमवारी ज्यातील अक्कलकुव्यापासून सुरू होते त्या जिल्ह्यात निवडणुकीच्या हंगामात अशा गाडीवर भोंगे, आत ॲम्प्लिफायर आणि मागे पडदा चढतो, आणि सगळ्यांची तार थेट बॅटरीवरून काढली जाते, कारण “डायरेक्ट दिलं की झंझट नाही” हे तत्त्व दुकानात सर्वमान्य आहे. प्रचार संपतो, भोंगे परत जातात, थेट तारा राहतात.

या थेट तारांमुळे उभ्या गाडीतही वीज खर्च होत राहते. कारखान्यातून आलेली गाडीसुद्धा झोपेत पूर्ण निजत नाही. रिमोटची हाक ऐकण्यासाठी आणि घड्याळ चालवण्यासाठी ती साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत, म्हणजे अँपिअरचा विसावा भाग, वापरते. ७० अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशोबाने निम्मी व्हायला महिनाभर लागतो. ॲम्प्लिफायर, रंग बदलणारी एलईडी पट्टी आणि चोरी कळवणारे यंत्र मिळून ती गळती अर्ध्या अँपिअरवर नेतात, आणि तीच बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते. मोठी गाडी तीन दिवस उभी राहणे ही नंदुरबारात अपवादात्मक घटना नव्हे. डिझेलचा भाव पाहता ती पुष्कळदा मोटारसायकलची मालकीण म्हणूनच अंगणात शोभते. चोरी कळवणारे यंत्र अखेरीस बॅटरी संपवते आणि त्यानंतर चोराला काहीही कळवत नाही, तथापि गाडी चालूच होत नसल्याने चोराचाही निरुपाय होतो, हे त्या यंत्राच्या बाजूने म्हटले पाहिजे.

सर्वांत गूढ तक्रार मात्र अशी असते की ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की मागचा दिवा मंदावतो, आणि पाऊस पडला की हे सर्व उलट होते. याचे कारण ‘अर्थिंग’मध्ये आहे. मोटारीत प्रत्येक दिव्याकडे वीज नेणारी तार असते, परंतु परतीचा मार्ग म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरला जातो. बॅटरीचे ऋण टोक आणि प्रत्येक दिव्याची काळी तार त्या सांगाड्याला बोल्टने कसलेली असते. तो बोल्ट गंजला की वीज परत जाऊ शकत नाही, आणि परतीचा रस्ता बंद झालेली वीज शेजारच्या बल्बातून आडवाटेने घरी जाते. जाताजाता त्याला थोडे उजळते. तापीच्या पुरात एकदा उतरलेल्या किंवा रोज पाइपाने धुतलेल्या गाडीत हा विकार हमखास आढळतो, आणि दहा रुपयांचा काचकागद हा त्याचा उपाय असल्याने तो सर्वांत शेवटी सुचतो. तोवर दोन दिवे, एक स्विच आणि क्वचित अख्खा संगणक बदलून झालेला असतो. विजेच्या भुताटकीबाबत ब्रिटिशांची परंपरा अधिक जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांच्या कंपनीचे सामान वापरणाऱ्या मोटारमालकांनी त्यांना प्रेमाने ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल केली होती. खान्देशात दोष असा एका माणसावर टाकण्याची पद्धत नाही. मालक कंपनीला, कंपनी ॲक्सेसरीवाल्याला, ॲक्सेसरीवाला आधीच्या ॲक्सेसरीवाल्याला नावे ठेवतो, आणि अखेरीस सगळे मिळून उंदराला, कारण तो बाजू मांडायला येत नाही.

उंदराचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते, आणि रात्री गरम राहणारे बॉनेट व त्यातल्या मऊ तारा ही त्याच्या दृष्टीने सर्व सोयींनी युक्त जागा होय. तारांच्या वेष्टनात सोयाबीनजन्य पदार्थ घातल्याने उंदीर येतात, असे म्हणत अमेरिकेत मालकांनी न्यायालयेही गाठली. होंडा कंपनीने यावर मिरचीतील कॅप्सेसिन लावलेली चिकटपट्टी विकायला काढली. कॅप्सेसिन हे तिखटपणाचे मूळ द्रव्य. ते सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंतील ज्या ग्राहकाला चाळवते त्याचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही, उंदराला जाणवतो. आता ज्या शहराभोवती हिवाळाभर मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे उघड्या मैदानावर वाळत घातलेले लाल मिरचीचे गालिचे, पसरलेले असतात आणि ज्याच्या बाजार समितीच्या परिसरातून जाताना अनोळखी प्रवासी सरळ ओळीत शिंकतात, त्या नंदुरबारच्या मालकाने मिरची लावलेली पट्टी परदेशातून मागवावी, यातला आर्थिक पैलू अर्थशास्त्र्यांनी पाहावा. शास्त्रीय पैलू असा की, जन्मापासून पथारीच्या कडेला ठसक्यात वाढलेल्या उंदरावर त्या पट्टीचा कितपत परिणाम होईल, हे जपानमध्ये बसून सांगता येणे कठीण आहे. बॉनेटमध्ये सुक्या मिरच्यांची पुरचुंडी ठेवण्याच्या घरगुती उपायाला पट्टीइतकाच आधार आहे. फक्त एसी लावल्यावर उंदराआधी मालक गाडी सोडतो.

निदानाचे दोन संप्रदाय आहेत. अधिकृत वर्कशॉपमध्ये स्टेअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर लावतात आणि गाडी आपले दुखणे संकेतांकाच्या रूपाने सांगते. उदाहरणार्थ ‘पी ०५६२’ म्हणजे विजेचा दाब कमी. गावातला इलेक्ट्रिशियन दोन तारांना जोडलेला इंडिकेटरचा बल्ब घेऊन बॅटरीच्या टोकांना टेकवतो, बल्बाच्या उजेडाकडे डोळे बारीक करून पाहतो आणि “बसली” म्हणतो. दोन्ही विधानांचा अर्थ एकच असला तरी पहिल्याचे छापील बिल मिळते, त्यामुळे शहरी शिक्षण घेतलेला मालक पहिल्यावर अधिक विश्वास ठेवतो. वॉरंटीचा विषय निघाल्यास वर्कशॉपमधले तरुण अभियंते बॉनेटखालच्या काळ्या चिकटपट्टीकडे नुसते बोट दाखवतात.

मोलगीच्या पुढे किंवा तोरणमाळच्या वाटेवर गाडी बंद पडल्यास दोन्ही संप्रदाय दूर असतात. गाडीच्या आरोग्याची खबर मोबाइलवर देणारी ‘कनेक्टेड’ सोय तेथे नेटवर्कअभावी कालचीच खबर देते, आणि तिच्या मते गाडी अजून शहाद्यात उत्तम स्थितीत उभी असते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी ढकलूनही चालू होत नाही, कारण चाके फिरली तरी तिच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरांमधून ती गती इंजिनापर्यंत जात नाही. हे ठाऊक नसलेली आठ-दहा माणसे मात्र भल्या मनाने अर्धा किलोमीटर ढकलतात. अखेरीस ट्रॅक्टर येतो. त्याचीही बॅटरी बारा व्होल्टांचीच असते, त्यामुळे धन टोकाला धन जोडून, आणि ऋण तारेचे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला लावून (बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी उडू नये म्हणून), त्याच्या जोरावर मोठी गाडी उठते. तार उलटी लागली तर ट्रॅक्टरचे काही बिघडत नाही असे ट्रॅक्टरवाल्याचे मत असते. गाडीचा संगणक मत देण्याच्या स्थितीत उरत नाही.

अशा गाडीचा पुढचा प्रवास विक्रीकडे होतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जसा त्याच्या अंगावरचे भोवरे शोधतो, शुभ कोणता, अशुभ कोणता, हे जाणत्याला विचारतो आणि एकही भोवरा न दिसल्यास अधिकच साशंक होतो, तसाच जुन्या गाडीचा जाणकार गिऱ्हाईक काट्यांच्या फलकावरचे दिवे पाहतो. किल्ली फिरवल्यावर सावधानतेचे सर्व दिवे काही क्षण लागावेत आणि मग विझावेत, हा नियम. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे दाखवून घ्या. जो दिवा विझत नाही तो दोष सांगतो, आणि जो मुळात लागतच नाही त्याच्यामागे कोणीतरी काळी चिकटपट्टी लावलेली असते. म्हणून मुरलेला गिऱ्हाईक दिवे विझण्याआधी ते लागण्याची वाट पाहतो, आणि मुरलेला विक्रेता नेमक्या त्याच क्षणी म्युझिक सिस्टीमचे बटण दाबतो. ते खणखणीत वाजते, कारण त्याची तार डायरेक्ट दिलेली असते.